सात नंबरच्या प्रेसवरचा चेहरा

३ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांनी हो म्हटलं. म्हणजे "बघा काय करायचं ते, पण पाच मिनिटांच्या वर नको" असं म्हटलं. आमच्या प्लांटमध्ये यालाच हो म्हणतात.

प्रेस शॉपचे सोपानमामा २९ ला रिटायर होतायत. बावीस वर्षं सात नंबरच्या प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून गाडीचे पार्ट काढणाऱ्या मशीनवर. निरोपाची फिल्म मी करणार, आणि या वेळी नेहमीची नाही. नेहमीची म्हणजे: गेटचा फोटो, जुने ग्रुप फोटो, मागे रडकी बासरी, शेवटी फुलांच्या पाकळ्यांत 'शुभेच्छा'. अशा नऊ फिल्म मीच केल्यात, तेव्हा नावं ठेवायचा हक्कही माझाच.

सगळ्यांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर गेटवर स्टिकर लागतो. कंपनीचा कॅमेरा तेवढा माझ्याकडे, कारण कायझेनचे फोटो मी काढते. सुधारणेच्या आधी एक, नंतर एक. जागा तीच, उंची तीच, कोन तोच. अकरा वर्षं हेच. वस्तू बरोबर मधोमध, सरळ, भरपूर उजेडात. सांगवीच्या सरांच्या सिनेमॅटोग्राफीच्या क्लासला गेले तर पहिल्याच रविवारी माझे फोटो बघून म्हणाले, "तू फोटो काढत नाहीस, पंचनामा करतेस." दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी कळलं की खरं आहे.

या फिल्ममध्ये एकही फ्रेम पंचनाम्याची नसेल. लिहून ठेवते.

४ नोव्हेंबर

घ्या. सात नंबरवर सध्या नव्या गाडीचा पार्ट चालू आहे. ग्राहकाशी करार आहे, पार्ट बाहेर दिसायचा नाही. पुढून नाही, मागून नाही, कोपऱ्यात धूसरही नाही. सिक्युरिटीचे गायकवाड प्रत्येक क्लिप बघणार आणि मग सही. म्हणजे बावीस वर्षं मशीनवर उभा असलेला माणूस, मशीन न दाखवता दाखवायचा.

घरी येताना बसमध्ये रहाटणी येईपर्यंत तेच डोक्यात. स्टॉप चुकला असता.

५ नोव्हेंबर

मिळालं. पार्ट खाली असतो ना, मग खालचं सगळं फेकून द्यायचं. कॅमेरा वर उचलला. पाऊण फ्रेम नुसतं छत: पत्रे, क्रेनचा गर्डर, धुळीने पिवळे झालेले खिडक्यांचे तुकडे. आणि अगदी खालच्या काठाला मामांचं हेल्मेट, डोळ्यांपर्यंतच. ते वाकले की फ्रेममधून जातात, सरळ झाले की येतात. जातात, येतात. मिनिटाला अकरा वेळा. प्रेसचा धप्प आवाज, आणि माणूस बुडून वर आल्यासारखा. मी वीस मिनिटं तेच घेत बसले. हात भरून आला तरी थांबवेना.

पुस्तकात सांगतात डोक्यावर थोडी जागा सोडा. मी सगळीच जागा डोक्यावर सोडली.

गायकवाडांनी क्लिप दोनदा बघितली. चाकणचेच, जुन्या घरातले. म्हणाले, "मॅडम, ह्यात काय दाखिवलंय ते आमाला न्हाई कळत. पण पार्ट दिसत न्हाई, एवढं कळतंय." आणि सही केली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुहासला छताची फ्रेम दाखवली. नवरा या नात्याने त्याने आधी चहा संपवला. मग म्हणाला, "अगं, कॅमेरा निसटला का हातातून?"

याच्याशी लग्नाला सोळा वर्षं झाली.

मग त्याने स्वतःच परत लावून बघितली. "ते हेल्मेट बुडतं ते बरंय," म्हणाला. एवढं पुरे.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज सुटले आहे नुसती. फ्रेम सापडतायत आणि मी धावतेय. एक: खांबाने पाऊण फ्रेम खाल्लीय, उरलेल्या फटीत मामांची पाठ, शर्टवर घामाचा नकाशा. दोन: त्यांचे हात. प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय खाली येत नाही, म्हणजे हात आत राहू नयेत म्हणून. कॅमेरा जमिनीवर ठेवून खालून घेतले. दोन तळवे आकाशातून उतरतात. तीन: जेवणाच्या सुट्टीत हुकाला टांगलेलं त्यांचं हेल्मेट, आणि मागे, अगदी धूसर, डबा खाणारे ते. फोकस हेल्मेटवर, माणूस धूसर. उलटं केलं मुद्दाम.

मामा विचारतात, "काय करायलाव मॅडम? मी हिकडं हाय." बीडकडचे. मी म्हटलं, तुम्ही काम करा, माझ्याकडे बघू नका.

आणि मग ते सापडलं. मशीनसमोरच्या हिरव्या फरशीच्या रंगावर दोन ठिकाणी रंग उडून खालचं सिमेंट दिसतंय. दोन बुटांएवढ्या जागा, थोड्या बाहेरच्या बाजूला वळलेल्या, उजवी जरा जास्त खोल. मामा असेच उभे राहतात. बावीस वर्षांत झिजवलंय. कॅमेरा बरोबर वरून, माणूस नाही, मशीन नाही, नुसत्या त्या दोन जागा. त्यावरच फिल्म सुरू होईल आणि त्यावरच संपेल. पण वरून घ्यायला क्रेनचा पाळणा लागणार, तो सोमवारी मिळेल. सुपरवायझरला सांगितलं, सोमवारी सकाळी सात नंबरसमोर शूटिंग आहे, जागा मोकळी ठेवा.

झोप येईल असं वाटत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

जागा रंगवली.

मी पाळण्याचा बेल्ट लावत होते आणि खाली बघितलं तर हिरवीगार, चकाचक, कडेने पिवळी पट्टी. ओली. दोरी लावून 'रंग ओला आहे' ची पाटी. दोन जागा गेल्या.

सुपरवायझर खूश. "मॅडम, कॅमेरा येणार म्हणालात ना." यांच्या लेखी कॅमेरा म्हणजे ऑडिट. ऑडिट म्हणजे रंग. हे यांना शिकवलं कुणी? मीच. अकरा वर्षं दर महिन्याला उभी राहून: फोटो काढायच्या आधी जागा स्वच्छ पाहिजे, डाग दिसता कामा नये. करावे तसे भरावे.

कुणी रंगवली विचारलं. मामांनी. आज शिफ्टच्या दोन तास आधी येऊन, स्वतः, गुडघ्यावर बसून. "म्हटलं, आपली जागा चांगली दिसली पायजे. लई खराब झालती." माझ्याकडे बघतायत, शाबासकीसाठी. मी म्हटलं, छान झालीय मामा. दुसरं काय म्हणणार होते.

रंग दुपारपर्यंत वाळणार नव्हता. सात नंबर बंद, मामा दोरीबाहेर उभे. स्वतःच्या मशीनकडे लांबून बघत. बावीस वर्षांत कधी असे उभे राहिले असतील? आणि त्या ओल्या हिरव्या रंगात, वरच्या दिव्यांच्या रांगेमधोमध, मामा उलटे. पाय वर, डोकं खाली, जरासे हलणारे. मी दोरीला चिकटून आडवीच झाले. फ्रेममध्ये नुसता रंग आणि उलटा मामा, खरा मामा फ्रेमच्या बाहेर. साडेतीन मिनिटं मिळाली, मग कुणीतरी पंखा लावला आणि धूळ बसली.

गेलेल्या दोन जागा अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पण ही फ्रेम मला त्यांनीच दिली, हेही खरं.

१२ नोव्हेंबर

सरांना क्लिप दाखवल्या. ते सहसा दोन शब्दांवर जात नाहीत. आज फोनवर अर्धा तास. "एकाही फ्रेममध्ये चेहरा नाही, आणि तरी माणूस आहे. आता याच्यात चेहरा घालून घाण करू नकोस." मी स्वयंपाकघरात उभी होते, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कळलं नाही. भाताची खिचडी.

आधी मला हे सुचलंच नव्हतं. चेहरा नाही. हीच स्टाइल. माझी स्टाइल. एक्केचाळिसाव्या वर्षी माझी म्हणून काहीतरी स्टाइल आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चार मिनिटं दहा सेकंदांची फिल्म तयार. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या मागच्या बाकावर मामांना दाखवली. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर. मी त्यांच्याकडे बघत होते, स्क्रीनकडे नाही.

सगळी बघितली. हात पुसले. मग म्हणाले, "चांगलं हाय. पण ह्यात मी कुठाय?"

म्हटलं, सगळीकडे तुम्हीच आहात मामा. हे हात तुमचे, ही पाठ तुमची.

"पाठ कुनाची बी असती," म्हणाले. "मॅडम, पोरं येणारेत, मंडळी येणार हाय. तेनला मी दिसाय नको का?" आणि मला वाईट वाटू नये म्हणून लगेच, "तुमी शिकलेली मानसं. तुमाला कळतंय त्यातलं." लॅपटॉप असा परत दिला जशी काही तव्यावरची गरम भाकरी.

१६ नोव्हेंबर, रविवार

चिडले आहे. काय समजणार यांना. पाकळ्या आणि बासरीच पाहिजे असते.

हे लिहिलं आणि वाचलं. लाज वाटली. खोडत नाही, राहू दे.

सरांना सांगितलं. म्हणाले, "प्रेक्षक असंच म्हणतो. दुर्लक्ष कर." हो म्हणून फोन ठेवला. पण मामा प्रेक्षक कुठे आहेत? फिल्म त्यांचीच आहे. त्यांना त्यांच्याच निरोपाला शोधत बसायला लावायचं?

सुहास म्हणाला, शेवटी एक पासपोर्ट फोटो लाव, झालं. हसले नाही.

१८ नोव्हेंबर

सुटल्यावर मोशीला गेले, मामांच्या घरी. जुने फोटो हवेत हा बहाणा. दोन खोल्या, पुढे ओट्यावर तुळस आणि मामांची सायकल. मामा दळण आणायला गेले होते. मामींनी पोहे केले, खाल्ल्याशिवाय उठू देईनात.

फोटो निघाले. सगळ्यांत मामा सरळ उभे, कॅमेऱ्याकडे बघत, श्वास रोखून. लग्नात तसेच, मुंजीत तसेच, नातवाच्या बारशात तसेच. मी म्हटलं, मामी, मामा कायम असेच असतात का?

"फोटूत. घरी बी आसंच, गप. कामावर कसं दिसतेत काय की." मग म्हणाल्या, "बावीस वर्सं डबा दिला. डबा कुटं बसून खातेत, त्ये बी ठाव न्हाई. एकदा कंपनीनं बायकांना बोलीवलं होतं तर समदं बंद करून, कापड टाकून ठिवलेलं. काम करताना त्यांचं त्वांड कसं आसतंय, तेवढं बघायचंय मला. तुमच्या शिनेमात हाय ना?"

मी म्हटलं, आहे.

आहे म्हटलं मी. आता?

१९ नोव्हेंबर

दिवसभर सात नंबरभोवती घिरट्या. काम करताना मामांचा चेहरा बघायला जागाच नाही. डावीकडे पॅनेल, उजवीकडे जाळी, मागून पाठ. बाजूने घेतलं तर फ्रेममध्ये पार्ट. आणि मामांना थांबवून 'इकडे बघा' म्हटलं की श्वास रोखतात. तो लग्नातला चेहरा. मामींना तो नकोय, तो त्यांच्याकडे ढिगाने आहे.

चार वाजता चहा घेताना सुचलं आणि कप तसाच ठेवून धावले.

मामांचा चेहरा समोरून एकाच ठिकाणाहून दिसतो. जिथे पार्ट ठेवतात तिथून. ते वाकतात ते त्याच्याकडे, बघतात ते त्याच्याकडे, दिवसभर. कॅमेरा तिथेच ठेवायचा, प्रेसच्या पोटात, पार्टच्या जागी, तोंड बाहेर मामांकडे. पार्ट दिसायचा प्रश्नच नाही, कारण पार्टच्या जागी कॅमेरा आहे. आणि मामा? मधोमध. सरळ. कायझेनच्या फोटोसारखे.

मी मशीनसमोर एकटीच हसत होते. सुपरवायझर बघून गेला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सेफ्टीवाल्यांनी दीड दिवस घेतला. अट: वीज तोडून कुलूप, वरचा भाग खाली येऊ नये म्हणून लोखंडी ठोकळे, आणि कुलपाची किल्ली मामांच्याच खिशात. बरोबरच आहे.

बंद मशीनवर मामा काम करणार. म्हणजे खोटं खोटं. पहिल्यांदा फार वाईट. लाजले, लेन्सकडे बघून हसले, "ह्ये काय, भातुकली हाय का" म्हणाले. म्हटलं, मामा, मी जाते. शंभर पार्ट काढा आणि मग हाक मारा. कॅमेरा चालू ठेवून मी खरोखरच बाहेर जाऊन बसले. बाजूच्या प्रेस चालू होत्या, त्यांच्या तालावर त्यांचे हात लागले असणार. अर्ध्या तासाने हाक आली नाही, म्हणून मीच आले तर ते चालूच. बंद मशीनवर. शंभर केव्हाच झाले असतील.

२२ नोव्हेंबर

क्लिप बघितली. चार वेळा. मग सुहासला उठवून आणलं आणि पाचव्यांदा.

काळी चौकट, म्हणजे प्रेसचा उघडा जबडा. तिच्या मधोमध मामा. पहिली सात मिनिटं फोटोतले. मग एका ठिकाणी, नक्की कुठे ते दाखवता येत नाही, ते निघून जातात. चेहरा सैल पडतो. कपाळावरची आठी जाते. हात येतात, पार्ट नसलेल्या जागी पार्ट ठेवतात, जातात. नजर डाव्या बटणाकडे, उजव्याकडे, परत माझ्याकडे. माझ्याकडे म्हणजे पार्टकडे. असं मऊ मी त्यांना कधी बघितलं नाही. तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना बाईचा चेहरा असतो तसा.

आणि ते बोलतायत. ओठ हलतायत. दर वेळी, बटणं दाबायच्या आधी, तीन-चार शब्द. आवाज येत नाही, बाजूच्या प्रेसचा दणका. मंत्र असेल? आकडे असतील? सुहास म्हणाला मोजत असतील. पण मोजताना ओठ बदलतात, हे दर वेळी सारखेच.

एकही कट न करता तीन मिनिटं ठेवणार. मधोमध, समोरून, हलत नाही. माझ्या सगळ्या तिरक्या फ्रेमपेक्षा ही जास्त वेडी आहे आणि मला नाचावंसं वाटतंय.

२४ नोव्हेंबर

मामांना विचारलं, काम करताना काय बोलता? म्हणाले, "मी? काहीच न्हाई. कानात बोंडं घालून कुनाशी बोलू?" खरंच माहीत नाही त्यांना.

पाच मिनिटांत बसवायला माझ्या फ्रेम काढल्या. खांब गेला. घामाचा नकाशा गेला. हुकावरचं हेल्मेटही गेलं. छत काढताना जीव गेला, म्हणून चाळीस सेकंद ठेवलं. उलटा मामा ठेवला. बाकी चेहरा.

सर म्हणाले, "शेवटी पंचनाम्यावर आलीस." म्हटलं, हो सर, पण या वेळी वस्तूच्या बाजूने केला. बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला. रागावलेत की नाही कळत नाही. या रविवारी क्लासला गेल्यावर कळेल.

२६ नोव्हेंबर

साहेबांनी बघितली. "तीन मिनिटं एकच चेहरा? लोक मोबाइल काढतील." म्हटलं, मोबाइलला स्टिकर आहे साहेब. हसले. मग म्हणाले वीस सेकंदांवर आणा आणि माझं मनोगत टाका. मी म्हटलं, मनोगत तुम्ही समोर उभं राहूनच करा, त्याचा परिणाम वेगळा. त्यांना पटलं. माझ्या तोंडून हे कसं निघालं देव जाणे.

गायकवाडांची सही झाली. "ह्यात तर समदंच दिसतंय की," म्हणाले, आणि सही करून पुन्हा एकदा लावायला सांगितली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लिहिते. उशीर झालाय, पण आजच लिहायचं.

कँटीन भरलेलं. पुढच्या रांगेत मामा, मामी, दोन मुलगे. हार घातलेले मामा लग्नातल्या फोटोसारखे. दिवे गेले. छत आलं तेव्हा मागून कुणीतरी "अरे, कॅमेरा सरळ करा राव" म्हणालं, हशा. हेल्मेट बुडायला लागलं तसा हशा कमी झाला. उलट्या मामाला प्रेस शॉपच्या पोरांनी शिट्टी मारली.

मग चेहरा.

मी भिंतीशी उभी होते. मामा स्क्रीनकडे बघत होते, तोंड उघडं, अनोळखी माणसाकडे बघावं तसे. पहिलं मिनिट कँटीनमध्ये कुजबुज, दुसऱ्या मिनिटाला ती पण नाही. तेव्हा मामींकडे लक्ष गेलं. त्या पुढे सरकून बसल्या होत्या, डोळे बारीक करून. आणि त्यांचे ओठ हलायला लागले. स्क्रीनवरच्या मामांबरोबर. तेच, दर वेळी तेच, बटणाच्या आधी. एकदा, दोनदा, मग पदर तोंडाला लावला आणि खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते मला कळेना, आणि कॅमेरा माझ्याकडे नव्हता.

दिवे लागले. टाळ्या. साहेबांचं मनोगत झालं, लांबलंच. मी मामींजवळ गेले. म्हटलं, मामी, तुम्हाला कळलं ना ते काय बोलतात?

"व्हय," म्हणाल्या.

"काय?"

त्यांनी माझा हात धरला, जरा घट्टच. "तेवढं ऱ्हाऊ द्या. माजं हाय त्ये," म्हणाल्या.

मामांनी ऐकलं. "काय गं? मी काय बोलायलोय? मलाबी सांग की." मामींनी हाराची गाठ नीट केली, त्यांच्याकडे न बघता. "घरी चला," म्हणाल्या.

गेटपर्यंत मी मागे चालत होते. मुलाच्या स्कूटरवर दोघं बसेपर्यंत मामा विचारत होते. मोशीचा रस्ता लागला असेल तरी विचारत असतील.